पार्काची फेरी आणि पंचवीस टेप

वाचकहो, धावणे हा काही आमचा प्रांत नव्हे. आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. जमाखर्चाच्या टेबलाशी बसून आयुष्याची वीस-बावीस वर्षे गेली. संध्याकाळी सुटलो की वस्तीतली कामे : कुणाचा जातीचा दाखला, कुणाच्या मुलाचा प्रवेश, कुणाचे रेशनकार्डावरचे नाव. यात धावपळ पुष्कळ होते, पण ती शरीराच्या कामी येत नाही हे आम्हाला २०१९ साली कळले. कचेरीत आरोग्य तपासणीचे शिबीर होते. सगळ्यांबरोबर आम्हीही बोट पुढे केले. दोन दिवसांनी कागद हातात पडला : साखर. वडिलांना होती, थोरल्या भावाला होती, आता आम्हाला. डॉक्टर म्हणाले, "साहेब, गोळी मी देतो, पण चालायचे तुम्हालाच आहे. जमलेच तर पळा."

तेव्हापासून पहाटे पाच वाजता नायगावहून निघायचे आणि शिवाजी पार्कला फेरी मारून परतायचे, असा आमचा क्रम आहे. पावसाळ्यात खंड पडतो, घरात लग्नकार्य असले की पडतो, पण सुटलेला नाही.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत जन्मलो आणि वाढलो. १६० चौरस फुटांची खोली आणि सात माणसे. एकाने कूस बदलली की दुसऱ्याला सरकावे लागे. तिथे व्यायाम कसला करणार! व्यायाम म्हणजे घराबाहेर. लहानपणी खोखो, कबड्डी सगळे चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत व्हायचे. आता त्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. पण ते पुराण आज नको.

दादर पूर्वेहून पश्चिमेला जायचे तर टिळक पूल ओलांडावा लागतो. खालून मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वेचे रूळ जातात. पुलाला चढ आहे. गाडीत बसून जाताना तो कधी जाणवला नव्हता. पहिला महिनाभर हा चढ आम्ही कमरेवर हात ठेवून चालतच चढलो. खालून पहाटेची लोकल जाई, दारातले लोक वर बघत, आणि आम्हाला उगाचच वाटे की ते आपल्याला हसताहेत. पुलाच्या पलीकडे प्लाझा. स्टेशनच्या बाजूला फुलांच्या पाट्या उतरत असतात. झेंडूचा आणि ओल्या गोणपाटाचा वास एकदम येतो. फुटपाथवर पेपरवाले मांडी घालून बसलेले असतात. मुख्य अंकात पुरवणी घालायची, घडी मारायची, गठ्ठा बाजूला ठेवायचा. हात इतके सराईत की डोळे दुसरीकडे असले तरी चालते. सहा वर्षांत हे गठ्ठे आमच्या डोळ्यांदेखत लहान होत गेले. एका ओळखीच्या पेपरवाल्याला विचारले तर म्हणाला, "साहेब, तुम्ही स्वतः किती पेपर घेता?" आम्ही एकच घेतो, तोही रविवारी. मग काय बोलणार!

तिथून पुढे पार्क. मुंबई महापालिकेने हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले केले, १९२७ साली त्याला शिवरायांचे नाव मिळाले आणि २०२० साली ते 'छत्रपती शिवाजी महाराज पार्क' असे पूर्ण नाव झाले. दादरच्या माणसाला मात्र 'पार्क' एवढे म्हटले की पुरते. मैदानाभोवती बसायचा सिमेंटचा कट्टा आहे, त्याची लांबी एक किलोमीटरहून थोडी जास्त. कट्ट्याबाहेरून झाडांच्या सावलीत फुटपाथ. आत क्रिकेटच्या जाळ्या. रमाकांत आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकरला घडवले ते याच मातीत. त्या तांबड्या मातीची धूळ उन्हाळ्यात आजूबाजूच्या घरांत शिरते आणि रहिवाशांची तक्रार वर्षानुवर्षे चालू राहते. ती खोटी नाही. आमच्या बुटांचा मूळ रंग कोणता होता हे आता आमच्या सौभाग्यवतींनाही आठवत नाही.

पहाटेचा पार्क आम्हाला आवडतो याचे एक कारण सांगतो. अंधारात कुणाचा पगार दिसत नाही. आमच्या शेजारून पळणाऱ्या गृहस्थांच्या बुटांची किंमत आमच्या पंधरा दिवसांच्या पगाराएवढी असेल. एकदा आम्ही दुकानाच्या काचेत तसला जोड पाहिला आहे. पण पाचव्या मिनिटाला त्यांनाही धाप लागते आणि आम्हालाही. सहा वाजले, उजाडले, की मग गाड्या दिसू लागतात, ड्रायव्हर दिसू लागतात आणि ज्याची त्याची पायरी परत जागेवर येते. तोवर आम्ही परतीच्या पुलावर असतो.

धावताना कानात काहीतरी हवे असे आम्हाला सुरुवातीपासून वाटे. हे वेड वडिलांकडून आले. वडील गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप झाला तेव्हा आम्ही तीन वर्षांचेही नव्हतो. पुढे ते रात्रीची वॉचमनकी करू लागले. त्यांच्याजवळ एक चामड्याच्या जाळीदार कव्हरातला ट्रान्झिस्टर होता. रात्रभर तो त्यांच्या मांडीवर असे आणि सकाळी घरी आल्यावर आकाशवाणीच्या मराठी बातम्या ऐकूनच ते झोपत. बातम्या चालू असताना खोलीत कुणी बोलायचे नाही. बातम्या संपल्या की ते म्हणत, "चला, जग जागेवर आहे," आणि पाठ टेकत.

आमच्या जन्माच्याच वर्षी, १९७९ च्या जुलैत, जपानमध्ये सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला. आमच्या चाळीत तो यायला पंधरा-सोळा वर्षे लागली. एका मित्राच्या आखाती देशातल्या मामाने आणला. संध्याकाळी जिन्यात रांग लागली. प्रत्येकाने एक गाणे ऐकायचे आणि पुढच्याला द्यायचे. त्याआधी एकट्याने गाणे ऐकायची सोयच आम्हाला ठाऊक नव्हती. टेपरेकॉर्डर एका घरी वाजला तरी सगळा मजला ऐके आणि १४ एप्रिलला कर्णा लागला की नायगाव ऐके. वॉकमन कानाला लावलेला पोरगा एकटाच मान डोलवी, एकटाच हसे, आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत. आमची आजी म्हणाली, "ह्याला काय झालं रं?" आज लोकलच्या डब्यात शंभर माणसे तशी असतात आणि कुणाला काही वाटत नाही.

आम्ही धावायला लागलो तेव्हा मोबाईलवरचा एफ. एम. रेडिओ ऐकायचो. त्यात एक गंमत आहे. अशा मोबाईलमध्ये रेडिओ लावायचा तर वायरचा इयरफोन जोडावाच लागतो, कारण ती वायरच त्याची एरियल असते. वायर हलली की आवाज खरखरतो. धावताना ती हलणारच! म्हणून निम्मे गाणे आणि निम्मी खरखर ऐकत आमची फेरी होई. विविध भारतीवरचे कितीतरी निवेदक आम्हाला अर्ध्या वाक्यांनीच ठाऊक आहेत.

याच पार्काचे आणि आमचे वर्षातल्या दोन-तीन दिवसांचे नाते वेगळे. ६ डिसेंबरच्या सुमारास तिथे कुणी धावत नाही, पाय ठेवायला जागा नसते. आम्ही पोरवयापासून पाण्याच्या स्टॉलवर उभे असतो. पार्कातली पुस्तकांची दुकाने सर्वांना माहीत आहेत, पण आम्ही त्या गर्दीत दुसरीही एक गोष्ट बघत आलो. आमच्या लहानपणी तिथे कॅसेटींच्या राशी असत. घेण्याआधी लोक ती लावून बघायला सांगत. मग सीडी आल्या, चकचकीत, तारेवर टांगलेल्या. मग मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्ह आले : नखाएवढ्या तुकड्यात पाचशे गाणी. विदर्भातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी तो तुकडा तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि दुकानदाराला विचारले, "ह्याच्यावर फोटो कुठे आहे?" कॅसेटवर गायकाचा फोटो असे. त्यांनी शेवटी कार्ड परत दिले आणि दोन पुस्तके घेतली.

हरवलेल्या माणसांचा पुकारा करणारा कर्णा मात्र तसाच आहे. "अमक्या गावच्या तमक्या बाई, तुमचे मालक मंडपाजवळ उभे आहेत." हातोहाती मोबाईल आले तेव्हा आम्हाला वाटले की आता या पुकाऱ्याची गरज संपली. पण लाखोंच्या गर्दीत सगळे एकदम फोन लावू लागले की कुणाचाच लागत नाही. मग माणसे परत कर्ण्याखाली येऊन उभी राहतात. माईकवरच्या आमच्या मित्राचा घसा अजून दरवर्षी बसतो.

असो. सांगायची गोष्ट पुतणीची आहे.

थोरले बंधू २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. त्या महिन्यात कोण कसे गेले हे वाचकांना सांगायला नको. मागे वहिनी आणि दोन लेकरे. वहिनी डबे करून देतात. मोठी पुतणी बारावी झाली, कॉलेजला नाव घातले आणि एके दिवशी म्हणाली, "काका, मी पोलीस भरती देणार. मला पण पहाटे न्या."

तिची आजी, म्हणजे आमच्या आई, आधी नकोच म्हणाल्या. त्यांच्या डोक्यात २०१४ ची भरती होती. त्या वर्षी जूनच्या उन्हात मुंबईत पुरुष उमेदवारांना पाच किलोमीटर धावावे लागले होते आणि काही तरुण मुले दगावली होती. टीव्हीवर ते दिवसभर दाखवत होते. आम्ही आईंना समजावले की आता नियम बदलले आहेत. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर. महिलांनी ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांच्या आत काढले तर पैकीच्या पैकी २० गुण. पुढे दहा-दहा सेकंदांनी गुण उतरत जातात. १०० मीटर धावणे १५ गुणांचे, गोळाफेक १५ गुणांची, अशी ५० गुणांची मैदानी परीक्षा. त्यात जे वर येतील तेच लेखी परीक्षेला बसणार. आई म्हणाल्या, "म्हणजे पोरीचं नशीब तीन मिनिटांत?" आम्हाला उत्तर सुचले नाही, कारण गोष्ट खरीच तशी होती.

तर ती आमच्याबरोबर येऊ लागली. म्हणजे आमच्यापुढे येऊ लागली. टिळक पुलाचा चढ ती बोलत-बोलत चढे. तिच्या मोबाईलमध्ये धावणे मोजणारे एक ॲप होते. किती अंतर, किती वेळ, किती पावले, सगळे बाईच्या आवाजात इंग्रजीतून सांगणारे. आमच्याही मोबाईलमध्ये तिने ते घालून दिले. रोज दहा हजार पावले झाली की त्यात फटाके फुटत. आम्ही महिनाभर त्या फटाक्यांसाठी जेवणानंतर चाळीच्या व्हरांड्यात येरझारा घातल्या. पुढे वाचनात आले की हा दहा हजारांचा आकडा कोण्या डॉक्टरने काढलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावले मोजायचे यंत्र विकायला काढले आणि त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे मीटर' अशा अर्थाचे ठेवले. नाव खपले आणि आकडा जगभर गेला. २०१९ साली अमेरिकेत वयस्क बायकांवर झालेल्या एका अभ्यासात दिसले की रोज ४,४०० पावले चालणाऱ्यांनाही चांगला फायदा होतो आणि साडेसात हजारांच्या पुढे तो फारसा वाढत नाही. हे वाचल्यापासून आमच्या येरझारा थांबल्या. शिवाय खडखडत्या बसमध्ये उभे राहूनही आमची शंभर-दोनशे पावले 'झाली' होती. कारकुनाला तेव्हाच शंका यायला हवी होती.

शंका यायला दुसरेही कारण होते. कट्ट्याची तीच फेरी, तोच फुटपाथ, पण ॲप एके दिवशी १.१९ किलोमीटर सांगे, दुसऱ्या दिवशी १.२४, तिसऱ्या दिवशी १.१६. कट्टा काय रात्रीत वाढतो-घटतो? आमच्या कचेरीत रोकडवहीची शिल्लक तीन दिवस तीन वेगळ्या आकड्यांनी आली असती तर आम्ही घरी गेलो नसतो. इथे मात्र आम्ही म्हटले, मशीन आहे, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल.

पुतणीने ॲपवर ८०० मीटर ठरवून घेतले. प्रवेशद्वाराजवळच्या एका झाडापासून सुरुवात, आणि ॲपवाली बाई ८०० म्हणाली की थांबायचे. बहुतेक वेळा ती जागा एका दिव्याच्या खांबाशी येई. मग तिने खांबच धरला. सुरुवातीला ३ मिनिटे २० सेकंद. मग ३ मिनिटे ५. उन्हाळ्याअखेर २ मिनिटे ४८. त्या दिवशी वहिनींनी शिरा केला. आम्ही साखर असूनही दोन चमचे खाल्ला.

मैदानी चाचणी २०२४ च्या पावसाळ्यात झाली. पायाला चिप बांधलेली. या चिपमध्ये बॅटरीसुद्धा नसते. रेषेवर अंथरलेल्या पट्टीतून निघणाऱ्या लहरींवरच ती क्षणभर जागी होते, आपला नंबर सांगते आणि गप्प बसते. मोठ्या मॅरेथॉनमध्येही वेळ अशीच नोंदतात. तिथे वशिला नाही, हाताच्या घड्याळाची चूक नाही. पुतणी बाहेर आली ती रडत नव्हती. चेहरा मात्र कागदासारखा झाला होता. ३ मिनिटे २ सेकंद. वीसऐवजी १६ गुण. लेखी परीक्षेची यादी लागली तेव्हा ती तीन गुणांनी बाहेर होती.

घरात दोन-चार दिवस कुणी काही बोलले नाही. मग जो तो कारणे देऊ लागला. पाऊस होता. रात्रीची झोप झाली नव्हती. पोरगी घाबरली. आई म्हणाल्या, "पोरींच्या जातीला इतकं पळवायचंच कशाला?" हे ऐकून मात्र आम्ही गप्प बसलो नाही. आम्हाला एक जुनी हकीकत ठाऊक होती ती आईंना सांगितली. १९२८ साली अॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. नऊ जणी अंतिम फेरीत धावल्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. जर्मनीची लीना राडके २ मिनिटे १६.८ सेकंदांत पहिली आली, तो जागतिक विक्रम होता. पण मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी छापले की बायका अर्ध्यात कोसळल्या, शर्यत सोडून बसल्या, हे दृश्य बघवत नव्हते. धापा टाकत गवतावर पडलेल्या धावपटू पुरुषांच्या शर्यतीतही असतात, त्यांच्याबद्दल असे कुणी छापले नाही. परिणाम काय झाला? बायकांची ८०० मीटर ऑलिंपिकमधून काढून टाकली ती १९६० च्या रोमपर्यंत परत आली नाही. बत्तीस वर्षे! आई ऐकत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पेपरात खोटं आलं म्हणून?" आम्ही म्हटले, हो. पुतणी कोपऱ्यात बसली होती. ती एकदम म्हणाली, "काका, आपलं ॲप पण खोटं बोललं असेल तर?"

वाचकहो, बी. कॉम. आम्ही, आणि ताळा करायचा प्रश्न विचारला पोरीने.

पुढच्या रविवारी आम्ही शेजारच्या बांधकाम मुकादमाकडून तीस मीटरची टेप मागून आणली. पहाटे साडेचारला पार्क गाठला. पुतणीने एक टोक धरले, आम्ही दुसरे, धाकटा पुतण्या खडूने खूण करी आणि वहीत रेघ मारी. झाडापासून सुरुवात. एक टेप, दोन टेप. वळणावर टेप कट्ट्याच्या बाजूला धरायची की रस्त्याच्या, यावरून काका-पुतणीचे भांडण झाले. शेवटी ती नेमकी जिथून धावते तिथूनच धरली. फेरीला आलेले एक आजोबा थांबले. "महापालिकेचे का? पुन्हा खोदणार?" आम्ही नाही म्हटले तरी त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

खांबाशी पोचलो तेव्हा वहीत पंचवीस रेघा होत्या आणि वर दोन मीटर. पंचवीस त्रिक पंच्याहत्तर, म्हणजे ७५० आणि दोन : ७५२ मीटर. आम्ही पुन्हा मोजले, उलट्या बाजूने. ७५२ च.

आकडेमोड सोपी आहे. ७५२ मीटरला १६८ सेकंद, तर ८०० ला जवळजवळ १७९, म्हणजे तीन मिनिटांना एक सेकंद कमी. पावसात तीन सेकंद आणखी गेले. पोरगी घाबरली नव्हती, झोपही झाली होती. तिने जेवढी तयारी केली होती तेवढीच ती धावली होती. आमच्या हिशेबात ४८ मीटरची तूट होती आणि ती आम्ही वर्षभर पुढे ओढत आणली होती.

असे का होते ते मग आम्ही शोधून वाचले. मोबाईल अंतर मोजतो तो आकाशातल्या उपग्रहांवरून. ते वीस हजार किलोमीटरहून उंच फिरत असतात आणि आपली जागा ठरवायला निदान चार उपग्रहांचे संदेश एकदम लागतात. मोकळ्या माळावर ते नीट मिळतात. दाट झाडांखाली आणि उंच इमारतींच्या आसपास संदेश आडतात, भिंतींवर आपटून उशिरा येतात आणि मोबाईलला वाटते की आपण चार पावले डावीकडे आहोत, मग चार पावले उजवीकडे. आपण सरळ धावतो, त्याच्या नकाशावर आपण नागमोडी धावतो. नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच असणार. एका नोंदीत तर आम्ही चक्क समोरच्या बंगल्याच्या दिवाणखान्यातून धावलो होतो! यात कुणाचा कपटीपणा नाही. हे साधन फिरायला जाणाऱ्यासाठी ठीक आहे, सेकंदावर नोकरी असलेल्यासाठी नाही. आमची तक्रार स्वतःविरुद्धच आहे. दाखल्यावरची जन्मतारीख आम्ही तीन कागदांशी ताडून बघतो, आणि घरच्या पोरीचे ८०० मीटर ताडून पाहिले नाहीत.

मॅरेथॉनचा रस्ता कसा मोजतात तेही तेव्हाच वाचले. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हे विचित्र अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकचे, ते १९२१ साली कायम झाले. इतका लांब रस्ता मोजायला आजही सायकल वापरतात. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचे एक लहानसे यंत्र लावतात, ते चाकाचे फेरे मोजते. आधी टेपने मोजलेल्या सरळ रस्त्यावर सायकल चालवून किती फेऱ्यांना किती मीटर ते ठरवायचे, मग सगळा मार्ग चालवायचा. वर किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरायचा, म्हणजे मार्ग चुकूनही कमी भरायला नको. उपग्रहांच्या काळात सायकल आणि टेप! आम्हाला हे वाचून इतका आनंद झाला की कचेरीत जेवणाच्या सुट्टीत चार जणांना सांगितले. त्यांतल्या दोघांनी डबा बंद केला.

तर आम्ही पुढे सरकलो. खांबाच्या पलीकडे ४८ मीटर. सव्वीस टेप आणि वीस मीटर. तिथे एका घराचे फाटक येते. तिथल्या वॉचमनना समजावून सांगितले, त्यांनी खडूच्या खुणेवर स्वतःहून एक वीट आणून ठेवली. त्यांचा मुलगाही भरती देतो म्हणाले.

पहिल्या दिवशी खांबापासून वीट दिसत असूनही पोचेना. ३ मिनिटे ६. पुतणी विटेवर बसली आणि म्हणाली, "वर्षभर मी खांबाला शिवले. पायाला खांबाचीच सवय लागलीय, तिथे आलं की ते थांबायला बघतात." हे आम्हाला अगदी पटले. त्या पन्नास मीटरसाठी तिने सगळा व्यायाम बदलला. भरतीचे गुरुजी बनून रोज नवे व्हिडिओ टाकणाऱ्यांचे ऐकणे सोडले ही आमच्या मते त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट. 'तीस दिवसांत पैकीच्या पैकी' म्हणणाऱ्याने स्वतः किती दिवस घेतले होते हे तो कधी सांगत नाही. एक व्हिडिओ मात्र तिच्या मोबाईलमध्ये कायम आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतली ३००० मीटर स्टीपलचेस. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, महार रेजिमेंटचा जवान, केनियाच्या धावपटूंमध्ये घुसतो आणि ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतो. शेवटच्या शंभर मीटरला आमच्या आईसुद्धा "पळ रं बाबा" म्हणतात. निकाल माहीत असून.

धावताना आता तिच्या कानात काही नसते. हा तिचा निर्णय. एकदा पुलावर मागून येणारी मोटारसायकल इयरफोनमुळे ऐकू आली नव्हती, तेव्हापासून वायर खिशात. आमच्या कानात मात्र रेडिओ असतोच. पण आमचा वेग असा आहे की मोटारसायकलच काय, हातगाडीवालाही वळसा घालून जाईल.

पुढची जाहिरात २०२५ च्या अखेरीस निघाली. अर्ज भरला. गेल्या रविवारी आम्ही चौघे पार्कात होतो. पाचव्यांदा पाच वाजता बाहेर पडलेल्या वहिनी, पदर खोचून, हातात पाण्याची बाटली. घड्याळ आमच्या हातात, कचेरीत शर्यतीला बक्षीस म्हणून मिळालेले, पाऊण अक्षर पुसलेले. धाकट्याने झाडाजवळ रुमाल खाली केला. दिव्यांच्या उजेडात ती दिसे, झाडांखाली दिसेनाशी होई, पुन्हा दिसे. खांब आला. खांबाला ती शिवली नाही.

विटेजवळ आम्ही बटण दाबले. २ मिनिटे ५३.

"टेप आणलीय का?" हा तिचा पहिला प्रश्न. दम नीट आला नव्हता. आम्ही पिशवीतून टेप काढून दाखवली. मग तिने आणि धाकट्याने शेवटचे पन्नास मीटर परत मोजले, वीट कुणी हलवली तर नाही ना हे बघायला. वीट चार बोटे पुढेच सरकली होती. वॉचमन म्हणाले, "झाडूवालीने सरकवली असेल."

"तीन सेकंद, काका," पुतणी म्हणाली. "पुढच्या रविवारी रस्त्याच्या बाजूने नाही, आतल्या कडेने मारते."

खडू पुसट झाला होता, तो धाकट्याने पुन्हा गिरवला. वहिनींना डब्यांची घाई होती. त्या पुढे निघाल्या, पोरे त्यांच्यामागे. आम्ही टेप गुंडाळत मागून.